ओली फरशी

डॉक्टर वेआली दक्षिण किनाऱ्याचे. त्यांनी इंग्रजीत विचारलं:
कुठं दुखतं?
सिस्टर डेल्मा मानुस बेटावरची. तिनं ते पिजिनमध्ये ओतलं,
वानेम हाप इ पेन?
आणि माझ्याकडं पाहिलं,
कारण बादली घेऊन तिथून जाणारा मी एकटाच
सेपिक नदीच्या मधल्या अंगाचा.

मी माझ्या आईच्या बोलीत विचारलं त्या पोराला, सांगीला.
आई जाऊन अकरा वर्षं झाली.
तिची बोली मी एरवी फक्त
शेजाऱ्याच्या डुकरांवर ओरडताना काढतो.
सांगीला ती बाजारापुरती येते: मासा, सागो, महाग, घे.
त्यानं पुढं आजीला विचारलं
वरच्या दलदलीतल्या त्यांच्या बोलीत,
जी बोलणारी माणसं, तो म्हणाला,
एका लांब होडीत मावतील
आणि होडी बुडणार नाही.

आमच्याकडं बोली कोसावर बदलत नाही,
नदीनं कूस बदलली की बदलते.
या वळणावर पाणी म्हणून मागाल तो शब्द
पुढच्या वळणावर शिवी असतो.
म्हणून माणसं आधी हसून घेतात, मग तोंड उघडतात.
आणि ज्याची बोली आपली, तो वानटोक.
त्याला भूक लागली तर निम्मं ताट त्याचं,
त्यानं कुणाचं डोकं फोडलं तर निम्मा दंड आपला.
त्या दिवशी त्या खाटेभोवती
आजी-नातू सोडले तर
कुणीच कुणाचं वानटोक नव्हतं.

म्हातारी बराच वेळ बोलली.
खिडकीकडं हात केला, कोपऱ्याकडं, छताकडं,
कुणाचं तरी नाव घेऊन थुंकल्यासारखं केलं.
तिचं संपलं तेव्हा सांगी म्हणाला, "आत."
"एवढंच?"
"बाकीचं मला तुमच्या बोलीत येत नाही."

मी सिस्टरला सांगितलं, बेल इ हेवी. पोट जड झालंय.
आता पिजिनमध्ये पोट जड होणं म्हणजे
पोट जड होणं, आणि जीव जड होणंही.
सिस्टरनं माझ्याकडं पाहिलं: यातलं कुठलं?
मी खांदे उडवले.
डॉक्टरांनी कागदावर एकच शब्द लिहिला,
तोही इंग्रजी नव्हे, लॅटिन.
त्या भाषेला तर होडीच लागत नाही.

पित्ताशयात खडा निघाला. सुपारीएवढा.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी फरशी पुसत होतो.
सांगी खाटेखाली झोपलेला.
म्हातारी उठून बसली, बोट रोखून म्हणाली, तुवामे.
मला वाटलं, नमस्कार असेल.
मीही वाकून म्हटलं, तुवामे.
ती पुन्हा, मोठ्यानं: तुवामे!
मी आणखी वाकलो, मागं सरकलो, बादलीला पाय लागला
आणि सपशेल आडवा.
ती हसली. बरगडीखाली हात दाबून, कळ सोसत,
सुपारीनं लाल झालेल्या बोळक्यानं
वॉर्ड जागा होईस्तोवर हसली.

सकाळी सांगीनं अर्थ सांगितला.
घसरशील.

चौदा दिवसांनी ती नदीनं वर गेली,
खडा बाटलीत घालून, बाटली पदरासारखी छातीशी धरून.
पहिल्या दिवशी ती आणखी काय बोलली होती
ते राहिलंच.
ती खिडकी, ते छत, ते कुणाचं नाव.

आता फरशी ओली असली की मी ओरडतो, तुवामे.
सिस्टर थबकते.
डोंगराळ भागातले हमाल स्ट्रेचर घेऊन थबकतात.
बेटावरून आलेली बाळंतीण भिंत धरते.
परवा डॉक्टर वेआली स्वतःच
एका नव्या शिकाऊ पोरीला म्हणाले, तुवामे,
आणि ती, कुठल्या खोऱ्यातली कोण जाणे,
चपला हातात घेऊन
कडेकडेनं गेली.